मुरानोचे नक्षीदार काचकाम : तंत्र, गोपनीयता आणि ज्ञानाचे संक्रमण

प्रस्तावना

काचेच्या वस्तूवर नक्षी आणण्याचे अनेक मार्ग आहेत. तयार वस्तूवर फिरत्या चाकाने कोरीवकाम करता येते, आम्लाच्या साहाय्याने तिचा पृष्ठभाग धूसर करता येतो, मीनाकारीचे रंग लावून ती पुन्हा भाजता येते. खिडक्यांच्या तावदानांसाठी तर नक्षीदार रुळाखालून तापलेली काच लाटून तिच्यावर ठसा उमटविला जातो. या सर्व पद्धतींत काच प्रथम तयार होते व नक्षी तिच्या पृष्ठभागावर मागाहून येते. इटलीतील व्हेनिस शहराजवळच्या मुरानो बेटावर जी परंपरा विकसित झाली तिच्यात हा क्रम उलटा आहे. तेथे नक्षी आधी सिद्ध होते आणि तिच्यापासून वस्तू घडविली जाते. पेला, वाडगा किंवा फुलदाणी यांच्या भिंतीच्या अंतर्भागात ती नक्षी सामावलेली असते. त्यामुळे ती घासली जात नाही, उडत नाही आणि मागाहून दुरुस्तही करता येत नाही.

या परंपरेच्या तंत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या इतिहासातील एका बाबीकडे मात्र अध्यापनक्षेत्रातील व्यक्तींनी विशेष लक्ष द्यावयास हवे. सुमारे पाच शतके कायद्याच्या बंधनात जपलेली ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बव्हंशी विस्मृतीत गेली आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा मिळविण्यात आली. ती का हरवली व कशी परत मिळाली, या प्रश्नांचे उत्तर तंत्राच्या स्वरूपातच दडलेले आहे. म्हणून प्रस्तुत लेखात प्रथम तंत्राचा व त्यानंतर त्याच्या संक्रमणाचा विचार केला आहे.

१. काचेचा स्वभाव

काचेचा मुख्य घटक सिलिका होय. शुद्ध सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. पूर्वीच्या भट्ट्यांना ते साधणे अशक्य होते. वाळूत सोडा मिसळल्यास तो अभिवाहाचे कार्य करतो व मिश्रण बऱ्याच कमी तापमानाला वितळते. परंतु केवळ सिलिका व सोडा यांची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊपणा देण्यासाठी चुना आवश्यक असतो. मुरानोचे कारागीर तिचिनो नदीच्या पात्रातील पांढऱ्या गारगोट्या दळून सिलिका मिळवीत, तर सोडा व चुना त्यांना सिरिया व पूर्व भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या राखेतून मिळे. पंधराव्या शतकाच्या मध्यास आंजेलो बारोव्हिएर याच्या नावाशी जोडली जाणारी ‘क्रिस्ताल्लो’ ही जवळजवळ रंगहीन काच याच द्रव्यांच्या काटेकोर शुद्धीकरणातून निर्माण झाली. काचेतील लोहामुळे येणारी हिरवट छटा घालविण्यासाठी मँगनीजचा उपयोग केला जाई.

नक्षीच्या दृष्टीने काचेचे दोन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, काचेला निश्चित वितळबिंदू नसतो. बर्फ एका ठराविक तापमानाला पाणी होते. काच मात्र पाकाप्रमाणे हळूहळू घट्ट होत जाते. तापमान उतरू लागले की तिची श्यानता वाढते. ती प्रथम मधासारखी, नंतर मळलेल्या कणकेसारखी व अखेर दगडासारखी होते. सोडायुक्त काचेत ही मऊ अवस्था तुलनेने दीर्घकाळ टिकते. त्या अवधीत तिला ओढता, पिळता, कापता व फुगविता येते. मुरानोचे सारे कौशल्य या अवधीचा उपयोग करण्यात आहे.

दुसरा गुणधर्म प्रसरणाचा आहे. दोन रंगांच्या काचा एकजीव करावयाच्या असतील, तर त्यांचे प्रसरणांक जवळजवळ समान असावे लागतात. ते भिन्न असल्यास थंड होताना एक काच दुसरीपेक्षा अधिक आकसते व वस्तूला तडा जातो. हा तडा कधी लगेच दिसतो, तर कधी काही दिवसांनी. रंग देणारी धातूंची संयुगे काचेचा हा गुणधर्मही बदलतात. तांब्याने निळा वा हिरवा, कोबाल्टने गडद निळा आणि कथिल व शिसे यांच्या भस्माने दुधासारखा अपारदर्शक पांढरा रंग येतो. या पांढऱ्या काचेला ‘लात्तिमो’ म्हणतात. म्हणून प्रत्येक रंग दुसऱ्या प्रत्येक रंगाशी जुळवून घ्यावा लागतो, आणि ही जुळणी पिढ्यान्पिढ्यांच्या प्रयोगांतून झालेली असते.

२. मुरिना : छेदातील नक्षी

नक्षीदार काचेचा मूळ घटक म्हणजे काचेची कांडी. मराठी वाचकास तिची कल्पना अळूवडीच्या उंड्यावरून सहज येईल. उंडा कोठेही कापला तरी वडीच्या तोंडावर तीच गुंडाळी दिसते. काचेच्या कांडीतही नक्षी तिच्या संपूर्ण लांबीतून जाते व आडव्या छेदात प्रकट होते. अशा कांडीच्या चकतीस ‘मुरिना’ असे नाव आहे. फुलांसारख्या चकत्या एकत्र जुळविल्या की होणाऱ्या कामाला ‘मिल्लेफिओरी’, म्हणजे सहस्रपुष्प, असे म्हटले जाते.

कांडी करताना कारागीर लोखंडी सळईच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घेतो. हा गोळा ताऱ्याच्या आकाराच्या साच्यात दाबला की त्याला कोन येतात. त्यानंतर तो दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडविला जातो व पुन्हा निराळ्या साच्यात दाबला जातो. असे थरावर थर चढत जातात. अपेक्षित रचना पूर्ण झाल्यावर गोळ्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक सळई चिकटविली जाते आणि दोन कारागीर आपापली सळई धरून परस्परांपासून दूर चालू लागतात. मधली काच ताणली जाऊन लांब व बारीक होत जाते.

या ताणण्यात एक साधे पण विलक्षण गणित आहे. काचेचे घनफळ बदलत नाही आणि छेदाचा प्रत्येक भाग सारख्याच प्रमाणात आकसतो. समजा, गोळा ८ सेंटीमीटर व्यासाचा व १० सेंटीमीटर लांबीचा आहे. त्याचा व्यास ८ मिलीमीटरवर आणला, तर छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट कमी होते व लांबी शंभरपट वाढते. म्हणजे सुमारे १० मीटर लांबीची कांडी मिळते. तिच्या ५ मिलीमीटर जाडीच्या चकत्या केल्यास, टोकांकडील वाया जाणारा भाग सोडता, जवळजवळ दोन हजार चकत्या होतात व प्रत्येकीवर मूळ नक्षी लघुरूपात अवतरते. हाताने काढणे अशक्य असलेली सूक्ष्म रेषा अशा रीतीने मोठ्या आकारात आखून मग लहान करता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जाकोमो फ्रांकिनी याने याच तत्त्वावर बोटाच्या नखाहूनही लहान चकतीत ओळखू येण्याजोगी व्यक्तिचित्रे साधली होती.

चकत्या तयार झाल्या म्हणजे वस्तू तयार झाली असे नाही. त्या एका पाटावर शेजारी शेजारी मांडून भट्टीत अशा बेताने तापविल्या जातात की, त्यांच्या कडा परस्परांना चिकटाव्यात पण फुले विरघळू नयेत. फुंकनळीच्या टोकाला तापलेल्या काचेचे कडे घेतले जाते व त्यावर हा नक्षीचा पट गुंडाळून त्याची नळी केली जाते. नळीचे खालचे तोंड चिमट्याने मिटविले की पुढचे काम नेहमीच्या फुंकीव काचेप्रमाणे चालते. भिंत एकीकडे अधिक तापली तर तेथील फुले पसरट होतात आणि चूक सुधारण्याची संधी मिळत नाही. पूर्ण झालेली वस्तू सुमारे ५०० अंशांच्या कक्षात ठेवून सावकाश थंड केली जाते. या अनुशीतनाशिवाय अंतर्गत ताणामुळे ती फुटते.

३. फिलिग्राना : काचेतील दोरे

मुरिनात कांडीचा छेद दिसतो, तर ‘फिलिग्राना’ प्रकारात कांडीची लांबी दिसते. पांढऱ्या लात्तिमोच्या गाभ्यावर पारदर्शक काचेचा थर देऊन तिच्या बारीक कांड्या ओढल्या जातात. त्या समांतर मांडून गुंडाळल्या की पारदर्शक भिंतीत पांढरे दोरे ओवल्याचा भास होतो. फिलिप्पो व बेर्नार्दो कातानी या बंधूंनी १५२७ मध्ये पिळाच्या दोऱ्यांच्या काचेसाठी व्हेनिसच्या शासनाकडून विशेषाधिकार मिळविला होता. या प्रकारात अनेक पांढरे धागे एकाच कांडीत घेऊन ती ओढतानाच पिळली जाते. परिणामी प्रत्येक कांडीत जाळीदार वेणी तयार होते.

यातील सर्वांत अवघड प्रकार ‘रेतिचेल्लो’ हा होय. यात समांतर दोऱ्यांचा एक फुगा उजवीकडे पिळला जातो व दुसरा डावीकडे. मग एक फुगा दुसऱ्याच्या आत उतरवून दोन्ही एकजीव केले जातात. विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोऱ्यांची जाळी तयार होते. कांड्यांच्या उंचवट्यांमुळे दोन थरांमध्ये हवा अडकते व जाळीच्या प्रत्येक चौकटीत एक सूक्ष्म बुडबुडा राहतो. हे सर्व बुडबुडे सारख्या आकाराचे असणे ही कारागिराच्या हाताची कसोटी मानली जाते. दोन्ही फुग्यांचे तापमान, जाडी व पीळ जुळला नाही, तर जाळी एका बाजूस दाट व दुसऱ्या बाजूस विरळ होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. वरील वर्णन वाचून कोणासही रेतिचेल्लोचा पेला करता येणार नाही. काच केव्हा पुरेशी मऊ झाली, पीळ केव्हा थांबवावा, फुंकीचा जोर किती असावा, हे कारागीर तिच्या रंगावरून व सळईवर जाणवणाऱ्या वजनावरून ओळखतो. शिवाय हे काम एकट्याचे नसते. मुख्य कारागीर, म्हणजे ‘माएस्त्रो’, बाकावर बसून काच फिरवीत असतो व त्याचे साहाय्यक योग्य क्षणी योग्य तापमानाची काच आणून देतात. हे सहकार्य बहुतांशी न बोलता चालते. या विद्येचा मोठा भाग अशा रीतीने शब्दांपलीकडचा आहे.

४. बेटावरील बंदिस्त विद्या

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १२९१ मध्ये शहरातील काचभट्ट्या हलवून मुरानोवर नेण्याचा आदेश दिला. लाकडी बांधकामांच्या दाट वस्तीत आगीचे भय होते, हे त्याचे घोषित कारण. सर्व कारागीर एकाच बेटावर आल्याने त्यांच्यावर नजर ठेवणेही सुलभ झाले. कारागिरांच्या संघाचे नियम कडक होते. परक्या राज्यात जाऊन हा व्यवसाय करण्यास मनाई होती. त्याबरोबरच त्यांना मानही मोठा होता. काचकारागिराच्या कन्येशी विवाह करणाऱ्या सरदाराच्या संततीचे सरदारपद अबाधित राहत असे. विद्या प्रामुख्याने पित्याकडून पुत्राकडे जाई. क्वचित तिला अपवादही घडे. आंजेलो बारोव्हिएरची कन्या मारिया हिला १४८७ मध्ये स्वतःची लहान भट्टी चालविण्याची अनुमती मिळाली होती. ताऱ्याच्या छेदाची ‘रोझेत्ता’ कांडी परंपरेने तिच्याच नावावर सांगितली जाते. या कांडीचे मणी पुढे व्यापाराच्या मार्गाने आफ्रिका व अमेरिका खंडांपर्यंत पोहोचले.

बंधने असूनही कारागीर बेट सोडून गेले. जाकोमो व्हेर्झेलिनी याला १५७५ मध्ये इंग्लंडच्या राणीकडून व्हेनिसच्या धर्तीच्या पेल्यांसाठी २१ वर्षांचा एकाधिकार मिळाला. १६६० च्या दशकात फ्रान्सने आरसे करणारे मुरानोचे कारागीर आपल्याकडे वळविले. लेखी ज्ञानही प्रसृत झाले. आंतोनियो नेरी या धर्मोपदेशकाचा काचविद्येवरील ग्रंथ १६१२ मध्ये फ्लॉरेन्स येथे प्रकाशित झाला व १६६२ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. या ग्रंथात राख शुद्ध करण्याच्या, रंग साधण्याच्या व पांढरी काच करण्याच्या कृती तपशिलाने दिल्या आहेत. काच फुंकावी कशी, कांडी ओढावी कशी, याचे शिक्षण मात्र त्यात नाही. द्रव्यांचे गुपित अशा रीतीने छापले गेले, तरी हाताचे गुपित मुरानोच्या भट्ट्यांतच राहिले.

५. ऱ्हास आणि पुनर्शोध

सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लोकांची अभिरुची पालटली. इंग्लंडमधील शिशाची जड, चकाकणारी काच व बोहेमियातील कोरीवकामास योग्य अशी जाड काच यांनी बाजारपेठ व्यापली. मुरानोची पातळ सोडायुक्त काच कोरीवकाम सहन करू शकत नव्हती. १७९७ मध्ये प्रजासत्ताक लयास गेले आणि नेपोलियनच्या राजवटीत १८०६ मध्ये कारागीरसंघ विसर्जित झाले. पुढे ऑस्ट्रियाच्या अमलाखाली अनेक भट्ट्या थंडावल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच भट्ट्या मणी व साध्या वस्तू करू लागल्या. ज्या कामाला गिऱ्हाईक नाही ते काम कोणी पुत्राला शिकवीत नाही. एकदोन पिढ्यांत फुंकीव नक्षीकामाचे बरेच प्रकार करणारे हात उरले नाहीत.

गोपनीयतेची किंमत येथे दिसून येते. ज्ञान थोड्या कुटुंबांत व एकाच बेटावर साठविलेले असल्याने आर्थिक आघात होताच ते अन्यत्र कोठून परत आणण्याची सोय राहिली नाही. नेरीचा ग्रंथ उपलब्ध होता, पण त्याचा या बाबतीत उपयोग नव्हता.

पुनरुज्जीवनाचा आरंभ कांड्यांपासून झाला. दोमेनिको बुस्सोलिन व पिएत्रो बिगालिया यांनी १८४० च्या सुमारास नक्षीदार कांड्यांचे काम पुन्हा हाती घेतले. बिगालियाने १८४५ मध्ये व्हिएन्ना येथील औद्योगिक प्रदर्शनात सहस्रपुष्प पद्धतीचे कागददाब मांडले. फ्रान्समधील बाकारा, सँ-लुई व क्लिशी येथील कारखान्यांनी त्याच सुमारास हा प्रकार उत्तम रीतीने आत्मसात केला.

खरा पालट घडविला तो एका धर्मगुरूने. विंचेंझो झानेत्ती हा मुरानोचाच रहिवासी होता. त्याच्या पुढाकाराने १८६१ मध्ये बेटावर काचेचे संग्रहालय स्थापन झाले व १८६२ मध्ये कारागिरांसाठी त्याला जोडून शाळा सुरू झाली. जुन्या वस्तू येथे पाठ्यपुस्तकासारख्या वापरल्या गेल्या. पूर्वजांच्या पेल्यातील दोरा कोठून निघतो, कोठे वळतो, जोड कोठे आहे, हे कारागिरांनी निरखावे, त्याचे रेखाटन करावे व भट्टीवर परत जाऊन ते करून पाहावे, अशी ही रीत होती. आंतोनियो साल्व्हियाती याने १८६६ मध्ये इंग्रजी भांडवलाच्या साहाय्याने काढलेल्या कंपनीमुळे या प्रयत्नांना बाजारपेठ मिळाली. विंचेंझो मोरेत्ती याने प्राचीन रोमन काचेच्या तुकड्यांचा अभ्यास करून अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर मुरिनाचे तंत्र पुन्हा सिद्ध केले. त्याची कामे १८७८ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. ‘मुरिना’ हा शब्दही याच काळात, प्राचीन रोमन ग्रंथांतील मौल्यवान पात्रांच्या नावावरून, रूढ झाला.

वस्तूला ग्रंथ मानून तिच्यापासून तंत्र वाचण्याची ही पद्धत महाराष्ट्रातील पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस परिचित आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील १९४५-४६ च्या उत्खननात मिळालेल्या वस्तूंत काचेचे मणी व बांगड्या होत्या. या उत्खननात सहभागी असलेले डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पुढे अशाच विविध स्थळांवरील अवशेषांच्या आधारे भारतीय काचेचा इतिहास लिहिला. तो मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रकाशित केला. वस्तूवरून तंत्राचे अनुमान करता येते, हे त्यातून दिसते. ते पुन्हा हातात उतरावयाचे, तर मुरानोप्रमाणे अभ्यासाच्या शेजारी पेटलेली भट्टीही असावी लागते.

६. गुपित खुले झाल्यानंतर

विसाव्या शतकात मुरानोच्या नक्षीला नवे वळण मिळाले. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या व्हेनिनीच्या भट्टीत कार्लो स्कार्पा या वास्तुशिल्पज्ञाने १९३० व १९४० च्या दशकांत मुरिनाला आधुनिक रूप दिले. गोपनीयतेची परंपरा मात्र पुष्कळ अंशी टिकून होती. १९७९ मध्ये लिनो ताल्यापिएत्रा हा माएस्त्रो अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात १९७१ मध्ये सुरू झालेल्या पिलचक काचशाळेत शिकविण्यास गेला. बेटाबाहेरच्यांना विद्या दिल्याबद्दल त्याच्यावर मुरानोतून टीका झाली. त्या टीकेला आधार नव्हता असे म्हणता येत नाही, कारण या विद्येवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून होता. तथापि त्यानंतर फिलिग्राना व रेतिचेल्लो ही तंत्रे जगातील अनेक काचशाळांत आत्मसात केली गेली. एका बेटावरील भट्ट्या विझल्या म्हणून ती आता लुप्त होणार नाहीत.

भट्ट्या विझण्याचे भय काल्पनिक नाही. काचभट्टी दिवसरात्र तापलेली ठेवावी लागते. ती एकाएकी थंड केल्यास आतील मूस तडकते. २०२१-२२ मध्ये युरोपात नैसर्गिक वायूचे दर अनेक पटींनी वाढले, तेव्हा मुरानोवरील काही भट्ट्या तात्पुरत्या बंद कराव्या लागल्या. स्वस्त नकलांची स्पर्धाही जुनी आहे. तिला आळा घालण्यासाठी व्हेनेतो प्रांताने १९९४ च्या कायद्यान्वये मुरानोच्या कलात्मक काचेसाठी अधिकृत चिन्ह निर्माण केले. काचेच्या मण्यांची कला इटली व फ्रान्सच्या संयुक्त प्रस्तावावरून २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या सूचीत समाविष्ट झाली. चिन्ह नावाचे रक्षण करते, सूची मान्यता देते. हाताचे शिक्षण मात्र या दोहोंतून मिळत नाही. झानेत्तीच्या नावाने एकविसाव्या शतकातही मुरानोवर काचशाळा चालविली जाते, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

समारोप

मुरानोच्या इतिहासावरून असे दिसून येते की, हस्तकौशल्याचे ज्ञान तीन ठिकाणी वसते : कृतीच्या लेखी नोंदीत, तयार वस्तूत आणि कारागिराच्या हातात. यांपैकी कोणतेही एक स्थान एकटे पुरे पडत नाही. नेरीच्या ग्रंथाने रंग जपले, पण पीळ जपला नाही. संग्रहालयातील पेल्याने पीळ दाखविला, पण तो देण्याची क्षमता भट्टीवरील सरावातूनच आली. तिन्ही एकत्र आणण्याचे कार्य झानेत्तीच्या शाळेने केले आणि म्हणून हरवलेली विद्या परत आली.

महाराष्ट्राला याचे एक समांतर उदाहरण संगीतात आढळते. घराण्यांनी जपलेल्या, प्रसंगी शिष्यापासूनही राखून ठेवलेल्या चिजा पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी मिळवून स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. स्वरलिपीवरून कोणी गवई होत नाही, हा त्यावरील आक्षेप खरा आहे. तरीही ती नसती तर कित्येक चिजा त्या गवयांबरोबरच गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. आपल्या परिसरातील विणकर, कासार, कुंभार व तांबट यांच्या विद्येबाबत महाविद्यालयांना हाच विचार करावा लागेल. नोंद घेणे व वस्तू जतन करणे आवश्यक आहे. त्यांच्या जोडीला शिकणाऱ्याला शिकविणाऱ्याच्या शेजारी बसविण्याची व्यवस्था, शिकविणारा हयात आहे तोवर, उभी करणे हे अधिक निकडीचे आहे.